फेअरफिल्ड : साधना आणि धर्म यांच्या सीमेवरचे गाव

फेअरफिल्ड हे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील जेफरसन काउंटीचे मुख्य ठिकाण. राज्याच्या आग्नेय भागात, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या या गावाची लोकवस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास आहे. मधोमध चौक, चौकाभोवती विटांच्या दुकानांच्या ओळी, जवळच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले काउंटीचे न्यायालय, आणि सगळीकडे वेगवेगळ्या पंथांची चर्च. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात अशी काउंटीची गावे शेकड्याने आहेत. फेअरफिल्डचे वेगळेपण गावाच्या उत्तरेला दिसते. तिथे दोन प्रचंड सोनेरी घुमट आहेत. एकाला पतंजलीचे नाव आहे, दुसऱ्याला ऋग्वेदातील देवीसूक्ताची ऋषिका वागांभृणी हिचे. पहिला पुरुषांसाठी, दुसरा स्त्रियांसाठी. रोज सकाळ-संध्याकाळ लोक तिथे ध्यानाला बसतात आणि त्यांतल्या अनेकांना खात्री असते की आपल्या बसण्याने जगातला हिंसाचार कमी होतो.

या गावाच्या इतिहासाला एक तात्त्विक प्रश्न चिकटलेला आहे. एखादी साधना तिच्या धर्मापासून सुटी करता येते का? मंत्र, गुरू, परंपरा आणि मोक्षकल्पना यांच्या जाळ्यातून ध्यानाचे तंत्र तेवढे बाहेर काढून ते विज्ञान म्हणून कोणालाही देता येईल का? भारतात या प्रश्नाची चर्चा बहुधा ग्रंथांच्या आधारे होते. फेअरफिल्डमध्ये एका अख्ख्या गावाने तो पन्नास वर्षे प्रत्यक्ष जगून पाहिला, आणि म्हणून या गावाकडे बारकाईने पाहायला हवे.

फेअरफिल्ड वसले १८३९ मध्ये. त्याच वर्षी जेफरसन काउंटी स्थापन झाली. ही जमीन मुळात सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात त्यांचा पराभव झाला आणि पुढच्या काही वर्षांत करारांच्या नावाखाली मिसिसिपीच्या पश्चिमेचा हा सुपीक प्रदेश गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेला. आयोवाला राज्याचा दर्जा मिळाला १८४६ मध्ये, आणि १८५४ मध्ये आयोवाची पहिली राज्य कृषी जत्रा फेअरफिल्डला भरली. आज ही जत्रा अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या जत्रांपैकी एक आहे. १८५८ मध्ये गावाला रेल्वे आली. विल्यम लाउडन या इथल्याच माणसाने १८६७ मध्ये गवत उचलून कोठारात नेणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच्या कारखान्याने गावाला औद्योगिक ओळख दिली. गावचे सिनेटर जेम्स विल्सन यांच्या प्रयत्नाने अँड्र्यू कार्नेगीने १८९० च्या दशकाच्या आरंभी इथे ग्रंथालयासाठी देणगी दिली. ज्या गावाशी कार्नेगीचा स्वतःचा काही संबंध नव्हता अशा गावाला मिळालेली ही पहिली देणगी समजली जाते. शेती, यंत्र, वाचनालय आणि चर्च या चार खांबांवर गावाचे शंभर वर्षांचे आयुष्य उभे राहिले.

धर्मप्रयोग हे मात्र या प्रदेशाला नवे नव्हते. फेअरफिल्ड ज्या वर्षी वसले त्याच वर्षी तिथून फार लांब नसलेल्या, मिसिसिपीच्या पलीकडच्या काठावरील नॉव्हू येथे जोसेफ स्मिथच्या मॉर्मन अनुयायांनी आपले पवित्र नगर उभारायला घेतले. १८४४ मध्ये शेजारच्या कार्थेज या काउंटीच्या गावात, तुरुंगात असताना, स्मिथचा जमावाने खून केला आणि दोनच वर्षांत मॉर्मन लोकांना पश्चिमेकडे निघावे लागले. त्यांनी रिकाम्या केलेल्या नॉव्हूत फ्रान्सहून आलेले इकारियन समाजवादी राहायला आले. १८५५ पासून आयोवातच जर्मन श्रद्धाळूंनी अमाना या सात खेड्यांच्या वसाहतीत सामाईक मालमत्तेचा प्रयोग चालवला आणि तो १९३२ पर्यंत टिकवला. जमीन स्वस्त, सरकार दूर आणि राज्यघटनेचे धर्मस्वातंत्र्य पाठीशी, म्हणून पृथ्वीवर आदर्श समाज उभारू पाहणारे लोक इथे येत राहिले. फेअरफिल्डमधले ध्यानी लोक स्वतःला या मालिकेत बसवत नाहीत, पण त्यांची जागा तिथेच आहे.

१८७५ मध्ये फेअरफिल्डला पार्सन्स कॉलेज सुरू झाले. लुइस पार्सन्स या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभे राहिलेले हे प्रेस्बिटेरियन पंथाचे छोटे महाविद्यालय होते. आठ दशके त्याने साधेपणाने काम केले. १९५५ मध्ये मिलर्ड रॉबर्ट्स हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना दुसरी संधी देण्याचे धोरण मोठ्या प्रमाणावर राबवले. काही शे विद्यार्थ्यांचे कॉलेज दहा-अकरा वर्षांत सुमारे पाच हजारांचे झाले. पुढे टीका झाली, १९६७ मध्ये मान्यता गेली, रॉबर्ट्सना जावे लागले आणि १९७३ मध्ये कॉलेज बंद पडले. ज्या गावाची निम्मी उलाढाल विद्यार्थ्यांवर चालते त्या गावात कॉलेज बंद पडले की काय होते, हे वेगळे सांगायला नको. खोल्या रिकाम्या, दुकाने रिकामी, घरांच्या किमती घसरलेल्या. वसतिगृहांसह पूर्ण आवार विक्रीला होते.

गिऱ्हाईक आले ते अनपेक्षित दिशेने. महर्षी महेश योगी म्हणून जगभर ओळखले जाणारे महेश प्रसाद वर्मा हे अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांचे ते शिष्य. दीडशेहून अधिक वर्षे रिकामे राहिलेले ज्योतिर्मठाचे पीठ १९४१ मध्ये ब्रह्मानंदांच्या रूपाने पुन्हा भरले गेले होते. १९५३ मध्ये गुरूंचे निधन झाले. महेश जन्माने ब्राह्मण नसल्याने मठाची उत्तराधिकाराची वाट त्यांच्यासाठी खुली नव्हती. काही काळ त्यांनी उत्तरकाशीला एकांतात घालवला, मग दक्षिणेत प्रवचने सुरू केली आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेत पोचले. त्यांची पद्धत सोपी होती: दिवसातून दोनदा वीस मिनिटे डोळे मिटून बसायचे, दिलेला मंत्र मनात सहज चालू द्यायचा, जोर करायचा नाही. तिला त्यांनी भावातीत ध्यान म्हटले. १९६८ मध्ये बीटल्स त्यांच्या हृषीकेशच्या आश्रमात आले आणि हे नाव घरोघर पोचले. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस या तरुण शरीरशास्त्रज्ञाचा या ध्यानाच्या शारीरिक परिणामांवरील लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. यानंतर चळवळीची भाषा बदलली. अध्यात्माच्या पुनरुत्थानाऐवजी ती चयापचय, रक्तदाब आणि मेंदूच्या लहरींबद्दल बोलू लागली. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात महर्षी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सुरू झाले, वॉलेस त्याचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९७४ मध्ये विद्यापीठाने सुमारे पंचवीस लाख डॉलरना पार्सन्स कॉलेजचे आवार विकत घेऊन फेअरफिल्डला मुक्काम हलवला.

गावकऱ्यांना सुरुवातीला हायसे वाटले. आलेली मुले केस विंचरलेली, कोट-टाय घालणारी, दारू आणि अमली पदार्थांपासून लांब राहणारी होती. हिप्पी येतील या भीतीने धास्तावलेल्या शेतकऱ्यांना हे विद्यार्थी आपल्या मुलांपेक्षाही सरळ दिसले. पण चर्चच्या पाळकांना आणि अनेक जुन्या कुटुंबांना एक प्रश्न सतावत होता. हे लोक सांगतात की आमचा धर्म नाही, कोणीही आपला धर्म न सोडता ध्यान करू शकतो. मग गुरूच्या तसबिरीपुढे फुले कशाला?

हा प्रश्न फेअरफिल्डच्या चौकात विचारला जात होता त्याच सुमारास तो न्यू जर्सीच्या न्यायालयात उभा राहिला. तिथल्या काही सरकारी शाळांमध्ये महर्षींचे ‘सर्जनशील प्रज्ञेचे विज्ञान’ हा ऐच्छिक विषय केंद्र सरकारच्या निधीतून शिकवला जात होता. मंत्र मिळण्याआधी विद्यार्थ्याने शाळेबाहेर, रविवारी, एका छोट्या विधीला हजर राहायचे असे. बरोबर फळे, फुले आणि पांढरा रुमाल आणायचा. शिक्षक ब्रह्मानंद सरस्वतींच्या तसबिरीपुढे संस्कृतात पूजा म्हणायचा. तीत नारायणापासून ब्रह्मदेव, वसिष्ठ, पराशर, व्यास, शुक, गौडपाद, शंकराचार्य अशी गुरुपरंपरा येते. आसन, स्नान, वस्त्र, गंध, अक्षता, पुष्प, धूप, दीप, तांबूल असे उपचार येतात. ज्या मराठी घरात गणपतीची प्राणप्रतिष्ठा होते तिथल्या दहा वर्षांच्या मुलालाही हे काय चालले आहे ते ओळखता येईल. चळवळीचे म्हणणे असे की ही केवळ गुरूविषयीची कृतज्ञता आहे, शिक्षकाने करायची, विद्यार्थ्याने नुसती पाहायची. १९७७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १९७९ मध्ये तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. सरकारी शाळेत हा विषय शिकवणे म्हणजे राज्याने धर्माला आश्रय देणे होय आणि ते राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असा निकाल लागला.

त्या खटल्यात न्यायमूर्ती आर्लिन अॅडम्स यांनी दिलेले स्वतंत्र सहमतीचे निकालपत्र तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. देव मानणे किंवा न मानणे ही धर्माची कसोटी पुरेशी नाही, असे त्यांनी मांडले आणि तीन खुणा सुचवल्या. ती विचारसरणी जीवनाच्या अंतिम प्रश्नांना हात घालते का? ती तुकड्यांत न बोलता अस्तित्वाचे सर्वसमावेशक चित्र देते का? तिच्याकडे विधी, उपदेशक, संघटना, सण अशी बाह्य लक्षणे आहेत का? या चौकटीत धर्म ओळखला जातो तो त्याच्या नावावरून किंवा त्याने स्वतःविषयी केलेल्या दाव्यावरून नव्हे, तर माणसाच्या आयुष्यात तो कोणती जागा घेतो यावरून. फेअरफिल्डच्या पुढच्या इतिहासाला ही कसोटी न्यायालयाला वाटली असेल त्यापेक्षा कितीतरी नेमकी लागू पडली.

१९७६ मध्ये महर्षींनी सिद्धी कार्यक्रम आणला. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादात धारणा, ध्यान आणि समाधी यांच्या एकत्र प्रयोगाला संयम म्हटले आहे आणि निरनिराळ्या विषयांवरील संयमाने मिळणाऱ्या सिद्धींची यादी दिली आहे. शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर संयम केल्याने आकाशगमन साधते, ही त्यांतली एक. महर्षींचे साधक पद्मासनात बसून गादीवर बेडकासारख्या उड्या मारू लागले. ही योगिक उड्डाणाची पहिली पायरी असल्याचे सांगितले गेले. पुढच्या पायऱ्या, म्हणजे हवेत तरंगणे आणि इच्छेप्रमाणे उडणे, तटस्थ निरीक्षकांना कधी पाहायला मिळाल्या नाहीत. १९८० आणि १९८१ मध्ये फेअरफिल्डचे दोन घुमट उभे राहिले ते या सामूहिक अभ्यासासाठी.

इथे चळवळीने ज्या ग्रंथाचे नाव घुमटाला दिले त्याच ग्रंथाशी तिचे न जुळणारे दोन मुद्दे नोंदवायला हवेत. पतंजलीने सिद्धींची यादी दिली हे खरे, पण त्या व्युत्थित मनाला सिद्धी वाटल्या तरी समाधीच्या वाटेत त्या अडथळे आहेत, असा इशाराही त्याच पादात दिला आहे. महाराष्ट्राच्या संतपरंपरेने हा इशारा मनावर घेतला. चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून आलेला चांगदेव मुक्ताबाईपुढे शिष्य म्हणून नमतो, या कथेचा अर्थच तो आहे. दुसरा मुद्दा क्रमाचा. अष्टांगयोग अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह या यमांपासून सुरू होतो. ध्यान सातवे अंग आहे. महर्षींनी आठ अंगे पायऱ्या नसून एकाच वेळी वाढणारे अवयव आहेत असे प्रतिपादले आणि ध्यान जमले की सदाचार आपोआप येतो असे शिकवले. आधुनिक, घाईत असलेल्या माणसाला हे आकर्षक वाटणे स्वाभाविक होते. पण साधनेला धर्मापासून सुटे करताना सर्वांत आधी जे गळून पडले ते नीतीचे बंधन होते, आणि पूजा मात्र शाबूत राहिली. निवड उलट झाली असती तर वैज्ञानिकतेचा दावा अधिक पटण्यासारखा ठरला असता.

घुमटांमागची सर्वांत धाडसी कल्पना संख्येची आहे. अहिंसा ज्याच्यात स्थिर झाली त्याच्या सान्निध्यात वैर मावळते, असे पतंजलीचे एक सूत्र सांगते. चळवळीने त्याला गणित जोडले. एखाद्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतक्या लोकांनी एकत्र बसून सिद्धींचा अभ्यास केला की त्या साऱ्या लोकसंख्येत ताण आणि हिंसा कमी होते. १९८३ च्या डिसेंबरपासून १९८४ च्या जानेवारीपर्यंत फेअरफिल्डमध्ये जगभरातून सुमारे सात हजार साधक जमले, कारण तेव्हाच्या पावणेपाच अब्जांच्या जगासाठी हे वर्गमूळ सात हजारांच्या जवळ येत होते. आयोवाच्या गोठवणाऱ्या थंडीत नऊ-दहा हजारांच्या गावात सात हजार पाहुणे! लोकांची राहण्याची सोय करायला फिरती घरे ओढून आणली गेली. आदर्श समाजाचा नमुना चाखायला या, असे त्या मेळाव्याचे निमंत्रण होते.

या दाव्याच्या समर्थनार्थ अभ्यासही छापले गेले. १९८३ मधील इस्रायल आणि लेबनॉनमधील संघर्षावर जेरुसलेममधील सामूहिक ध्यानाचा परिणाम झाल्याचे सांगणारा लेख १९८८ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’मध्ये आला, गृहीतक विलक्षण असले तरी पद्धत तपासण्याजोगी आहे अशा आशयाची टीप संपादकाला त्यासोबत द्यावी लागली. १९९३ च्या उन्हाळ्यात सुमारे चार हजार साधक वॉशिंग्टनमध्ये जमले आणि हिंसक गुन्हे तेवीस टक्क्यांपर्यंत घटल्याचा निष्कर्ष जाहीर झाला. ही घट प्रत्यक्ष आदल्या काळाशी तुलना करून काढलेली नव्हती. गणिती प्रारूपाने जेवढे गुन्हे अपेक्षित होते त्यांच्याशी ती मोजली होती, आणि टीकाकारांनी नेमके तिथेच बोट ठेवले. संशोधक बहुतेक चळवळीतलेच असणे, कालखंडाची निवड, हवामान आणि सणांचा प्रभाव या शंका आजही मिटलेल्या नाहीत. वैयक्तिक पातळीवर ध्यानाने विश्रांती मिळते, रक्तदाबावर काहीसा परिणाम होतो, याला बरा आधार आहे. वीस मिनिटांच्या शांततेचा लाभ मान्य करायला वर्गमुळाची गरज पडत नाही.

पुरावा बाजूला ठेवला तरी कल्पनेतच एक खोल अडचण आहे. महर्षी ज्या अद्वैत परंपरेतून आले तिच्यात ज्ञान हे वस्तुतंत्र असते, कर्म पुरुषतंत्र. कर्म करता येते, न करता येते, वेगळ्या प्रकारे करता येते. ज्ञान मात्र जसे आहे तसेच होते, ते निर्माण करता येत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा भेद आरंभीच पक्का केला, कारण मोक्ष हे कर्माचे फळ मानले तर तो उत्पन्न झालेला आणि म्हणून नाशवंत ठरतो. फेअरफिल्डच्या घुमटात शुद्ध चैतन्य हे नेमके फळ बनते. इतक्या माणसांनी इतका वेळ बसावे म्हणजे इतके पीक निघेल. जे एकमेवाद्वितीय आहे त्याला सात हजारांची हजेरी लागावी हे अद्वैताला मान्य होणारे नाही. त्याहून मोठी गल्लत भौतिकशास्त्राशी नाते जोडताना झाली. १९८० च्या दशकात विद्यापीठात आलेले कणभौतिकीचे अभ्यासक जॉन हॅगलिन यांनी भौतिकीतील एकीकृत क्षेत्र आणि शुद्ध चैतन्य एकच असल्याचे मांडले. वेदान्ताच्या दृष्टीने पाहिले तर कोणतेही क्षेत्र, ते कितीही सूक्ष्म असो, दृश्य आहे. चैतन्य द्रष्टा आहे. द्रष्ट्याला दृश्यात बसवणे हाच तर वेदान्ताने सांगितलेला अध्यास. आधुनिक भाषेचा आग्रह धरता धरता परंपरेतली सर्वांत तीक्ष्ण तत्त्वदृष्टी हातची गेली. हॅगलिन पुढे फेअरफिल्डमध्ये १९९२ साली स्थापन झालेल्या नॅचरल लॉ पार्टीतर्फे तीनदा अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले.

आता न्यायमूर्ती अॅडम्स यांच्या तिसऱ्या खुणेकडे, बाह्य लक्षणांकडे. घुमटात प्रवेशासाठी ओळखपत्र लागू लागले. जो साधक दुसऱ्या गुरूकडे किंवा संताकडे जाई त्याचे ओळखपत्र काढून घेतले जाई. आपला धर्म न सोडता या, असे म्हणणाऱ्या संस्थेत चर्चला जायची मुभा होती, पण दुसऱ्या स्वामींच्या दर्शनाला जायची नव्हती. अनेक कुटुंबांना हे फार लागले. वीस-वीस वर्षे गावाला वाहून घेतलेली माणसे घुमटाच्या दाराबाहेर उभी राहिली. पाठोपाठ वास्तूचे नियम आले. दक्षिणेकडे तोंड असलेली दारे अशुभ ठरली, जुन्या घरांची दक्षिणेची दारे बंद झाली, नवी घरे पूर्वाभिमुख, मधोमध ब्रह्मस्थान आणि माथ्यावर कलश अशी बांधली जाऊ लागली. विद्यापीठाने पार्सन्सच्या काळातल्या कितीतरी इमारती याच कारणाने पाडल्या, त्यांत जुने चॅपलही गेले. ज्या माजी विद्यार्थ्यांची त्या चॅपलमध्ये लग्ने झाली होती त्यांना हे धर्मातीत विज्ञान वाटले नाही. याशिवाय ज्योतिष, यज्ञ, आयुर्वेद, प्रत्येकाचे वेगळे शुल्क. सत्तरच्या दशकात काही डझन डॉलरना मिळणारा मंत्र नव्या शतकाच्या पहिल्या दशकात अडीच हजार डॉलरपर्यंत पोचला.

१ मार्च २००४ रोजी विद्यापीठाच्या भोजनगृहात एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला भोसकून ठार मारले. घुमटांपासून हाकेच्या अंतरावर. जगाच्या हिंसेवर औषध शोधणाऱ्या आवारात मानसिक आजाराकडे वेळीच लक्ष गेले नाही, हे दुःख गावाने अजून विसरलेले नाही. एका खुनाने कोणताही सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण त्या दिवसानंतर अनेक साधकांनीच विचारायला सुरुवात केली की उपचाराची, समुपदेशनाची, साध्या काळजीची जागा ध्यानाला देता येते का, आणि हा प्रश्न योग्य होता.

जुने गावकरी आणि ध्यानी यांच्यात पहिली पंधरा-वीस वर्षे उघड दरी होती. एकांना टाउनी म्हणत, दुसऱ्यांना, गुरू या शब्दाच्या शेवटावरून, रू. मुले वेगळ्या शाळांत, खरेदी वेगळ्या दुकानांत, मते वेगळ्या उमेदवारांना. ही दरी बुजली कशी, हे फेअरफिल्डच्या इतिहासातले सर्वांत शिकण्याजोगे पान आहे. घुमटासाठी आलेल्या पदवीधरांना पोट भरायचे होते आणि गावात नोकऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःचे धंदे काढले: सॉफ्टवेअर, पुस्तकविक्री, दूरध्वनी सेवा, गुंतवणूक सल्ला. त्या कंपन्यांत शेतकऱ्यांची मुले कामाला लागली. २००१ मध्ये स्वतः ध्यान करणारे एड मलॉय महापौर झाले आणि प्रदीर्घ काळ त्या पदावर राहिले. रस्ते, सांडपाणी आणि गावाचा हिरवा आराखडा या विषयांवर दोन्ही बाजूंची मते त्यांना मिळाली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चौकात कलाफेरी भरू लागली. २००७ मध्ये स्टीफन सोंडहाइम यांच्या नावाचे नाट्यगृह उघडले. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्यांची नातवंडे आता गावचीच आहेत. चैतन्याच्या क्षेत्रातून झिरपणारी सुसंगती यातल्या कशातही शोधावी लागत नाही. पगार, नगरपालिका, नाटक, लग्ने आणि अंत्ययात्रा यांनी ते काम केले.

धर्म नसल्याच्या दाव्याचा कस लागला तो गावाबाहेर, महर्षी वेदिक सिटीत. फेअरफिल्डच्या उत्तरेला २००१ मध्ये हे स्वतंत्र नगर स्थापन झाले, पूर्णपणे वास्तुशास्त्राप्रमाणे आखलेले. तिथे सेंद्रिय नसलेल्या अन्नाची विक्री बंद करण्यात आली. महर्षींच्या संकल्पनेनुसार विश्वशांतीसाठी वेदपठण आणि यज्ञ करायला उत्तर भारतातून शेकडो तरुण पंडित आणण्यात आले. कुंपणाआड, गावाशी फारसा संबंध न येता ते राहत. ते अमेरिकेत आले होते धार्मिक कामगारांना मिळणाऱ्या व्हिसावर. न्यू जर्सीच्या न्यायालयात जे नाकारले होते ते व्हिसाच्या अर्जावर आता स्वतःहून लिहिले गेले. मार्च २०१४ मध्ये आपल्यातल्या एकाला परत पाठवले जात असल्याचे कळताच पंडितांच्या जमावाने काउंटीच्या शेरीफच्या गाडीवर दगडफेक केली. बातमी भारतापर्यंत पोचली. या तरुणांना मिळणारे मानधन, त्यांचे एकाकीपण, परक्या हिवाळ्यात बंदिस्त आयुष्य, यांबद्दलचे प्रश्न त्या दगडांपेक्षा अधिक गंभीर होते. जगाच्या शांतीसाठी ज्यांच्या पठणाची गरज होती त्यांच्या स्वतःच्या शांतीची व्यवस्था कोणी लावली नव्हती.

महर्षींचे फेब्रुवारी २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये निधन झाले. त्यानंतर फेअरफिल्डमधले नियम सैल होत गेले. दुसऱ्या संतांकडे जाणाऱ्यांना घुमटाची दारे पुन्हा उघडू लागली, दीक्षेचे शुल्क उतरले. विद्यापीठाने मधली काही वर्षे घेतलेले व्यवस्थापन विद्यापीठ हे नाव टाकून २०१९ मध्ये मूळचे महर्षी आंतरराष्ट्रीय विद्यापीठ हे नाव परत घेतले. आशिया आणि आफ्रिकेतून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी येणारे विद्यार्थी आज त्याचा मोठा आधार आहेत; त्यांतल्या कित्येकांना ध्यान हा अभ्यासक्रमाचा एक भाग वाटतो, त्याहून अधिक काही नाही. चित्रपट दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या नावाची, फेअरफिल्डमध्येच २००५ साली स्थापन झालेली संस्था शाळांतून हे ध्यान शिकवत राहिली, आणि शिकागोच्या सरकारी शाळांमधील तिच्या कार्यक्रमावरून तोच जुना पूजेचा प्रश्न पुन्हा न्यायालयात गेला.

फेअरफिल्डच्या अनुभवावरून मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते: तंत्र सुटे करता येते, समाज सुटा करता येत नाही. एकटा माणूस घरी बसून मंत्र जपतो तेव्हा ती साधना धर्माविना राहू शकते, आणि त्याला तिचा लाभही होतो. पण त्याच तंत्राभोवती लोक गाव सोडून येऊन राहू लागले, घर, लग्न, मूल, मरण सारे त्याच्याशी जोडू लागले, की पाच-दहा वर्षांत मंदिर, पुजारी, सोवळे-ओवळे आणि पाखंडाचे नियम उगवतात. धर्म नाही असे म्हटल्याने ते उगवायचे थांबत नाहीत. फक्त त्यांच्यावर उघड टीका करणे अवघड होते, कारण जो धर्म आहे असे मान्यच नाही त्याची सुधारणा कोण आणि कशी करणार? प्रेस्बिटेरियन चर्चला आपल्या रूढींवर वाद घालता आला, अमानाच्या लोकांना १९३२ मध्ये मतदान करून सामाईक मालमत्ता मोडता आली. घुमटातल्यांना तशी भाषाच उपलब्ध नव्हती. आपण हिंदू परंपरेतली एक साधना करतो आहोत, हे सरळ मान्य केले असते तर त्या परंपरेतले विवेकाचे, गुरूला प्रश्न विचारण्याचे आणि सिद्धींकडे पाठ फिरवण्याचे संस्कारही त्यांच्या हाती आले असते.

महर्षी वेदिक सिटीची लोकसंख्या २०१० च्या जनगणनेत तेराशेच्या जवळ होती. पंडित परतल्यावर, २०२० च्या जनगणनेत, ती तीनशेच्याही खाली आली. फेअरफिल्डची लोकवस्ती या काळात जवळजवळ तितकीच राहिली.